रंगवलेलं पाणी

धुळा विहिरीच्या खालच्या पायरीवर बसून पाय पाण्यात सोडून निवांत डोळे मिटून होता, आणि अंजनानं वरून त्याच्या पाठीत घागर हाणली. रिकामी होती म्हणून बरं. धुळा कळवळला, पण पाय काही काढला नाही.

"काढ त्यो पाय. काढ म्हंते न्हवं."

"वैनी, इंगळ ठेवल्यावानी आग हुतीया गं. पान्यात जरा गार वाटतंय."

"तुला गार वाटतंय, आन् आमी काय प्यायाचं? तुजा पू?"

धुळानं पाय वर घेतला. घोट्याच्या वर फोड फुटून रुपयाएवढं भोक पडलं होतं, त्याच्या कडा सडलेल्या वांग्यासारख्या काळ्या. मधून दोऱ्यासारखं पांढरं काहीतरी लोंबत होतं. त्याचं टोक बाभळीच्या काडीला गुंडाळून वर चिंधी बांधली होती, ती चिंधी सुटून पाण्यावर तरंगत होती. जिथं पाय होता तिथं पाण्यात दुधाचा थेंब पडल्यागत गढूळ पांढरट ढग उठला होता. आणि तिथून हातभर अंतरावर रंगूबाई घागर भरत होती. तिनं तो ढग हातानं बाजूला सारला आणि घागर बुडवली.

नारू. आमच्या चिंचखडीत त्याचं कुणाला नवल नव्हतं. माण नदी ओलांडून आटपाडीच्या अंगाला यायला लागलं की असली गावं लागतात. वर उघडा माळ, खाली खडक, आणि पाणी म्हणाल तर पायऱ्या उतरून गुडघाभर आत जाऊन भरायचं. गावठाणात थोरली बारव, आणि आमच्या खालच्या वस्तीला ही धाकटी विहीर. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की त्यात भांडं, पाय, धुणं, सगळं एकच. आज प्यायलेलं पाणी वरसभरानं पायातून दोरा होऊन बाहेर यायचं, ते नेमकं पेरणीच्या तोंडाला. माणूस खाटेवर, बैल दावणीला आणि रान तसंच पडलेलं. दोरा रोज काडीवर थोडाथोडा गुंडाळत काढायचा. तुटला तर आतल्या आत कुजायचा, आणि मग त्या घराजवळून जाताना नाकाला पदर लावायला लागायचा.

अंजना केरबाची सून. नवरा जोतीराम पलटणीत, तिकडं आसामात. सासू जाऊन बरीच वर्सं झालेली. घरात ही आणि सासरा, आणि रान सगळं केरबाच्या अंगावर. म्हातारा तोंडानं फाटका, पण तिफण धरली की तास असा सरळ जायचा की लोक बांधावर थांबून बघायचे. अंजनाचं माहेर लोणंदकडं. आरोग्य केंद्रातली नर्स सुलाबाई एकदा वस्तीवर येऊन सांगून गेली होती, की नारूच्या पायातनं कीड पाण्यात उतरते, तसला पाय विहिरीत घालू नका, आणि पाणी चौपदरी फडक्यातनं गाळून प्या, नारू व्हायचा न्हाई. बाकीच्या बायकांनी तोंडाला पदर लावून हसून घेतलं. अंजनानं मात्र जुन्या लुगड्याचा धडपा फाडून रांजणाच्या तोंडाला बांधला तो बांधलाच.

"गाळून गाळून पान्याची चव घालीवली बयेनं," केरबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. पण त्या घरात तेव्हापासून नारू निघाला नव्हता, हेही तोच सांगायचा.

शहात्तर सालच्या उन्हाळ्यात जीप आली. धुरळा दिसला तशी वस्तीतली झाडून सगळी गडीमाणसं ओढ्याच्या दिशेनं पळाली. ते दिवसच तसे होते. जीप म्हणजे नसबंदीची, आणि नसबंदी म्हणजे धरून नेऊन कापाकापी, एवढंच आम्हांला ठाऊक. केरबा तेवढा खाटेवर बसून राहिला. जीपमधनं एक तरुण डॉक्टरीण उतरली, तसा तिला म्हणाला, "माजं आता काय कापतायसा? आलाय तर कापा."

ती हसली. "आजोबा, आम्ही त्यासाठी नाही आलो. नारूसाठी आलोय."

चारुशीलाबाई तिचं नाव. सांगलीची. मराठी पुस्तकातल्यासारखं बोलायची, पण माणसाकडं बघून बोलायची. तिच्या मागं मोठे साहेब होते, पांढऱ्या बुटातले. शहरातल्या कुठल्याशा संशोधन मंडळाचे. ते गावात सरपंच लालासाहेबाच्या माडीवर उतरले. चावडीत सभा झाली. नवं औषध निघालंय, म्हणाले. विहिरीत ओतायचं. माणसाला काही होत नाही, पाण्यातली नारूची कीड मरते. महिन्याला एकदा ओतायचं आणि वरसभरानं बघायचं.

"दोन्ही हिरीत वतनार न्हवं?" केरबानं विचारलं.

"दोन्हींत ओतणार," साहेब म्हणाले.

आणि ओतलंही. आम्ही डोळ्यांनी बघितलं. दोन्ही विहिरींवर तसलेच पत्र्याचे डबे, तसलंच पिवळट पाणी. आमच्या विहिरीवर तर बायकांनी डब्याला हळदकुंकू वाहिलं.

मग चारुशीलाबाई घरोघर फिरली. अंजनाच्या रांजणावरचं फडकं बघून ती जरा थांबली.

"अंजनाबाई, वर्षभर पाणी गाळू नका."

"का वं? नर्सबाई तर म्हनल्या गाळा."

"गाळणं चांगलंच. पण तुम्ही गाळलंत तर औषधानं किती गुण आला ते आम्हांला कळणार कसं? सगळ्यांनीच तसंच प्यायला पाहिजे."

"बाई, औषद न्हाई लागू पडलं तर?"

बाई रांजणाकडं बघत म्हणाली, "साहेबांनी सगळा विचार केलाय."

अंजनाचं मन घेईना. पण केरबा खेकसला, "आगं, येवढी शिकल्याली मानसं पेट्रोल जाळून हितवर आल्याती, ती काय तुज्या धडप्यापायी? सोड त्ये." त्यानं स्वतःच उठून गाठ सोडली आणि त्या फडक्यानं तोंड पुसलं.

पाऊसपाणी, सुगी, थंडी, सगळं आपल्या गतीनं होऊन गेलं. जीप दर महिन्याला येऊन डबा ओतून जायची. दुसऱ्या वर्षी चैत्र सरला आणि रंगूबाईच्या पोटरीला फोड आला. मग तिच्या लेकाला. मग ज्ञानूला एका पायाला दोन, आणि त्याच्या बायकोला छातीवर. अंगावर पिणारं पोर होतं तिला. पोराला दूध पाजताना ती बाई जशी ओरडायची तसं ओरडणं मी आजवर ऐकलेलं नाही. वस्तीत घर म्हणून सुटलं नाही. दारोदार खाटा, खाटांवर माणसं, पायांना काड्या. लिंबाचा पाला वाटून लावलेला, त्यावर माश्यांचं मोहोळ. वारा वस्तीकडून गावाकडं वाहायला लागला की गावातली माणसं थुंकायची.

गावात मात्र नारू नव्हता. शोधून सापडत नव्हता.

"आपल्या म्हसोबाचं काय तरी ऱ्हायलंय," बायका म्हणायला लागल्या. नारळ झाले, कोंबडं झालं.

अंजनाच्या टाचेला निघाला. आणि केरबाला एक नाही, चार निघाले. तीन खाली, आणि एक गुडघ्याच्या वाटीशेजारी. तरी म्हातारा औषधाची बाजू सोडीना. "वरच्या अंगाचं पानी हलकं आसंल, खालचं जड आसंल. औषदाला येळ लागत आसंल," म्हणायचा. गुडघ्यातला दोरा पुढं सरकेना, म्हणून एका वैदूला बोलावलं. त्यानं तुंबडी लावली आणि हिसका दिला. दोरा तुटला.

दुसऱ्या दिवशी गुडघा भोपळ्याएवढा झाला. ताप चढला. मग गुडघा फुटला, आणि त्यातनं जे आलं ते अंजना वाटीवाटीनं काढून उकिरड्यावर पुरायची. कुत्री उकरतात म्हणून वर दगड ठेवायची. जेवताना हाताला वास यायचा, म्हणून चुलीतली राख घेऊन कोपरापर्यंत घासायची, तरी यायचा. केरबा ग्लानीत बैलांना हाका मारायचा. महिन्यानं ताप उतरला, पण गुडघा पुन्हा वाकला नाही. पाय लाकडासारखा सरळ झाला तो झालाच.

त्या मृगात केरबाचं रान अंजनानं पेरलं. टाचेला काडी बांधलेली, टाच टेकत नव्हती. चवड्यावर चालत तिनं तिफणीमागं पेरलं. तास वाकडे आले. केरबा खाटेवरून बघत होता, पण तोंडातून शब्द काढला नाही.

पेरण्या आटोपल्या आणि लालासाहेबाची दवंडी आली. शाळेच्या पटांगणात कार्यक्रम, मोठे साहेब येणार, परदेशचे पाहुणे येणार, समद्यांनी यायाचं. केरबाला धुळानं पाठीवर घेतला. मांडव घातलेला. खालच्या वस्तीला कधी नव्हे ते पुढं बसवलं, म्हणजे पाहुण्यांना पाय दिसतील. एका गोऱ्या पाहुण्यानं ज्ञानूच्या पायाचा फोटो काढला. नाकाला रुमाल लावून काढला.

साहेब उभे राहिले. आवाज गोड होता त्यांचा.

"चिंचखडीच्या ग्रामस्थांनी जगाला फार मोठी देणगी दिली आहे," ते म्हणाले. "थोरल्या बारवेत आपण औषध टाकलं, तिथं नारू संपला. खालच्या विहिरीत आपण साधं पाणी टाकत होतो, थोडा रंग मिसळून. तिथला नारू जसाच्या तसा राहिला. म्हणजे गुण औषधाचाच, हे सिद्ध झालं. आणि यात कुणावर अन्याय नको, म्हणून कोणत्या विहिरीत औषध टाकायचं हे आम्ही नाणं उडवून ठरवलं होतं."

टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी वाजवल्या, गावानं वाजवल्या. आम्हीही वाजवल्या. केरबानंही वाजवल्या. साहेब काय म्हणाले ते डोक्यात शिरायच्या आधी हात वाजून गेले होते, आणि ते आठवलं की माझे मलाच हे हात नकोसे वाटतात.

अंजना उभी राहिली. तिनं पदर नीट केला. "सायेब, आमच्या हिरीत काय वतलं म्हनला?"

"साधं पाणी. त्यानं काही अपाय होत नाही."

"डब्यातनं?"

"हो, डब्यातून."

"आन् आमी गाळत हुतो, ते का थांबीवलं?"

साहेबांनी चारुशीलाबाईकडं बघितलं. बाई मान खाली घालून बसली होती. लालासाहेब उठून म्हणाला, "ए, खाली बस. पावन्यांम्होरं शोभा करू नगं." आणि त्यानं हारतुरे सुरू करायला सांगितले. अंजना खाली बसली नाही. ती तशीच मांडवातून निघाली, आणि तिच्यामागं एकेक करून आमची वस्ती निघाली, लंगडत, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून. धुळाच्या पाठीवरून केरबानं मागं वळून मांडवाच्या खांबावर पिंक टाकली.

दोन दिवसांनी चारुशीलाबाई एकटी चालत वस्तीवर आली. जीप गावातच ठेवून. अंजना भाकरी थापत होती. तिनं ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. बाई उंबऱ्यापाशी उभी राहिली.

"आजोबांचा पाय बघू का?"

"बगा की," केरबा म्हणाला. "तुमचाच हाय त्यो."

बाईनं गुडघ्याला हात लावला. वाकवून बघितला. वाकला नाही. तिचं तोंड पांढरं पडलं.

"आजोबा, हे औषध आधी कुठं असं वापरलं नव्हतं. दोन्ही विहिरींत टाकलं असतं, आणि त्या साली नारू आपोआपच कमी झाला असता, तर कळलं नसतं. आता शेकडो गावांना याचा उपयोग होईल."

"व्हईल की. व्हऊ द्या. त्ये मला कळतंय," केरबा म्हणाला. "आमी आडानी आसलो तरी येवढं कळतंय. पर मला सांगा, आमास्नी आदी का न्हाई सांगितलं? का, बाबांनो, तुमच्या हिरीत औषद न्हाई."

"सांगितलं असतं तर तुम्ही पाणी गाळलं असतं."

"मग?"

"मग फरक दिसला नसता."

तव्यावरची भाकरी करपायला लागली, तरी अंजनानं उलटली नाही. केरबानं आपला पाय दोन्ही हातांनी धरून खाटेवर वर घेतला, ओझं उचलावं तसा.

"नीट बोललात बाई," तो म्हणाला. "खरं बोललात. जावा आता."

ती निघाली, पण अंगणात जाऊन परत फिरली. "साहेब अजून एक वर्ष असंच चालवणार आहेत," तिनं अंजनाला सांगितलं. "नक्की करायला. तुमच्या विहिरीत यंदाही औषध पडणार नाही. सरपंच तुम्हांला समजवायला येतील." एवढं सांगून ती भरभर गेली.

लालासाहेब आलाच. सोबत दोघे पंच. "एक वरसाचा तर प्रश्न हाय," म्हणाला. "मंडळ आपल्या गावाला पक्की सडक करून देनार हाय. गावाच्या भल्यासाठी जरा कड काढा."

"सडक वरनं जानार, तुमच्या दारातनं," रंगूबाई म्हणाली.

"म्हून काय झालं? तुमी चालनार न्हाई का तिच्यावरनं?"

"कशानं चालू, दादा?" ज्ञानूनं खाटेवरनं विचारलं आणि पांघरूण बाजूला करून पाय दाखवला. लालासाहेबानं तोंड फिरवलं. "सरकारी काम हाय, आडवं येशीला तर जड जाईल," एवढं बोलून तो गेला.

त्याच दुपारी अंजना पहार घेऊन विहिरीवर गेली. खालच्या पायरीला पहार घालून तिनं दगड हलवला. कुणाच्या तरी पणज्यानं घडवलेले दगड ते, सहज निघणारे नव्हते. रंगूबाई आली. मग ज्ञानूची बायको आली, पोर पाठीला बांधून. मग ज्यांना चालता येत होतं ते सगळे आले. धुळा यंदाही फुटलेला पाय घेऊन आला. त्याला कुणी पाण्यात उतरू दिलं नाही, तो वर बसून दगड ओढायला लागला. पायऱ्या उखडल्या, उतरायची वाट दगडांनी चिणून काढली, वर कमरेएवढा कठडा घातला. चुना नव्हता, म्हणून पांढरीची माती आणि भुसा तुडवून लिंपला. ज्ञानूच्या पडवीचं आढं काढून विहिरीवर आडवं टाकलं आणि त्याला चाक बसवलं. केरबा खाटेसकट तिथं आणून ठेवला होता. तो दिवसभर शिव्या देत होता, दगड चुकीचा लागला म्हणून, चाक तिरकं बसलं म्हणून. इतक्या दिवसांनी त्याच्या तोंडाला शिव्या आल्या, तर सगळ्यांना बरं वाटलं.

आता पाण्यात पाय घालायचा म्हटलं तरी घालता येत नव्हता.

साहेब आले तेव्हा पोहरा वर येत होता. त्यांनी विहिरीभोवती एक फेरी मारली. पांढऱ्या बुटांना चिखल लागला.

"हे कुणी केलं?"

"आमी," अंजना म्हणाली.

"तुम्हांला कळतंय का काय केलंत? वर्षभराची मेहनत आहे आमची. या विहिरीची तुलनाच करता येणार नाही आता. नारू कमी झाला तर कशानं झाला, ते सांगता येईल का?"

"आमास्नी सांगता यील," रंगूबाई म्हणाली.

साहेब तिच्याशी बोललेच नाहीत. इंग्रजीत चारुशीलाबाईला काहीतरी म्हणाले, आणि बाईनं ते आम्हांला मराठीत सांगितलं. साहेबांनी तसं सांगायला सांगितलं नव्हतं, तरी सांगितलं. "तुमची विहीर संशोधनातून बाद झाली. आम्ही पुन्हा येणार नाही."

"लय झाक झालं," केरबा म्हणाला.

ते आले नाहीत. पण वरच्या बारवेवरही आले नाहीत, हे गावाला दोन-तीन महिन्यांनी उमगलं. काम संपलं, तसं औषध संपलं. सडकेचं नाव कुणी काढलं नाही. शहराच्या वर्तमानपत्रात आमच्या गावाचं नाव छापून आलं होतं म्हणे. ज्ञानूच्या पायाचा फोटोही होता, मुंडकं नसलेला. लालासाहेबानं तो काच घालून माडीवर लावला होता, मग त्याच्या धाकट्या सुनेला फोड आला तेव्हा काढून टाकला.

आमच्या वस्तीत त्या साली जुन्या पाण्याचे एकदोन दोरे निघाले, आणि मग बंद झाले. उन्हाळ्यात वरच्या आळीच्या बायका आमच्या विहिरीवर पाण्याला यायला लागल्या. पहिल्यांदा आल्या त्या दिवशी आमच्या काही बायका कठड्याला आडव्या उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते चांगलं नव्हतं, आणि मी त्यांना नावही ठेवत नाही. लालासाहेबाची बायको घागर काखेला घेऊन खाली बघत उभी होती. अंजना पुढं झाली. तोंडावरचा राग तिनं लपवला नाही. दोर तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "वढा. पोहरा खाली ठिवायचा न्हाई, आन् घरी गेल्यावर गाळून घ्या."

मृगाच्या आधी केरबाच्या रानात कुळव धरायचा होता. ढेकळं दगडासारखी झालेली. कुळवावर वजन असल्याशिवाय त्याची लोखंडी पास जमिनीत घुसत नव्हती, नुसती वरवर खरवडत होती. अंजना दगड बघायला बांधाकडं निघाली.

"कुटं निगालीस?" केरबानं बांधावरून हाक दिली. काठी टेकत, पाय ओढत तो रानात आला होता.

"दगूड आनते वजनाला."

"दगडाची काय गरज हाय? मी हाय की."

"मामंजी, पडशीला."

"पडलो तर पडलो. इन्मीन येक पाय काय त्यो मोडायचा ऱ्हायलाय. धर मला."

तिनं त्याला काखेत हात घालून कुळवावर बसवला. न वाकणारा पाय पुढं बैलांच्या शेपट्यांकडं सरळ काढून तो बसला, दोन्ही हातांनी दांडी धरून. अंजनानं बैलांना हाक दिली. पास जमिनीत रुतली. ढेकळं फुटायला लागली, धुरळा उठला, आणि त्या धुरळ्यात दात-ओठ खात म्हातारा आदळत चालला.

"सरळ घे," तो ओरडला. "मागल्या सालासारखं वाकडं नगं."

"मग उतरून तुमीच धरा," अंजना म्हणाली, आणि तिनं बैलांना पुढं काढलं.